वायगोळ्याची गोष्ट : पोटदुखीचे कारण माणसाने कसे शोधले

शाळेची प्रार्थना चालू आहे. रांगेतला एक मुलगा एकदम खाली बसतो आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरतो. गुरुजी विचारतात, "काय झालं रे?" तो म्हणतो, "गुरुजी, पोट दुखून राह्यलं." गुरुजी त्याला घरी पाठवतात. घरी आजी म्हणते, वायगोळा उठला असेल. शेजारच्या काकू म्हणतात, बेंबी सरकली. कोणी ओवा-मीठ आणते, कोणी एरंडेलाची बाटली काढते, कोणी दृष्ट काढायला मिरच्या-मोहऱ्या घेऊन बसते. चौघांची चार निदाने तयार होतात. पण त्या पोराला अजून कोणी विचारलेलेच नसते, की बाळा, दुखायला लागलं कधी, आणि सुरुवात नेमकी कुठं झाली?

आज मला आपल्याला या पोटदुखीचा, विशेषतः बेंबीच्या खालच्या म्हणजे ओटीपोटाच्या दुखण्याचा इतिहास सांगायचा आहे. दुखण्याला कसला आला इतिहास, असे आपण म्हणाल. पण दुखणे जुने असले तरी त्याचे कारण ओळखण्याची विद्या माणसाने हळूहळू मिळवलेली आहे. ती कोणी आणि कशी मिळवली, आणि ती विसरल्यावर काय किंमत पडली, हे ऐकण्यासारखे आहे. ही गोष्ट आपल्या वाशीमपासूनच सुरू करता येते.

वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या-पाचव्या शतकांत वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. त्या घराण्यातील विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला. वत्स ऋषींच्या नावावरून गावाचे नाव पडले असे आपल्याकडची परंपरा सांगते. 'गुल्म' म्हणजे झुडपांची दाटी, जाळी. आता गंमत अशी, की हाच 'गुल्म' शब्द आपल्या जुन्या वैद्यकात पोटातल्या गोळ्याला आहे. झुडपांची जाळी बाहेरून एकसंध दिसते, पण तिची मुळे कुठे आहेत ते कळत नाही. पोटातल्या गोळ्याचेही तसेच असते. सुश्रुतसंहितेने या नावाची फोड काहीशी अशीच केलेली आहे. आजीचा 'वायगोळा' म्हणजे शास्त्रातला 'वातगुल्म'. तो शब्द म्हातारीने काही मनचा काढलेला नाही. दोन हजार वर्षांची वाट चालून तो तिच्या ओठी आलेला आहे.

जुन्या वैद्यांनी गुल्माचे पाच प्रकार आणि पाच जागा सांगितल्या. दोन कुशी, हृदयाचा भाग, बेंबी आणि बस्ती, म्हणजे मूत्राशयाची जागा. या पाच प्रकारांतला एक फक्त स्त्रियांना होतो असे त्यांनी म्हटले. त्याचे नाव रक्तगुल्म. यात पाळी बंद होते, पोट वाढते, उमासे येतात. म्हणजे सगळी लक्षणे दिवस गेल्यासारखीच! मग वैद्याने ओळखायचे कसे? चरकसंहितेत याची खूण दिली आहे. गर्भ असेल तर पोटात हातपाय हलल्यासारखी हालचाल होते. गुल्म असेल तर सबंध गोळाच एकदम हलतो आणि तोही दुखत दुखत. आणि पुढे म्हटले आहे, की या गुल्मावर उपचार करायचे ते दहावा महिना उलटल्यावरच. का? तर तो गर्भ निघाला तर औषधाने हत्या घडेल म्हणून.

वाचकहो, या नियमाकडे नीट लक्ष द्या. त्या वैद्यापाशी क्ष-किरण नव्हते, सोनोग्राफी नव्हती. पोटाच्या आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही, हे त्याला ठाऊक होते, आणि ते तो प्रामाणिकपणे कबूल करीत होता. म्हणून त्याने थांबण्याचा नियम केला. त्या थांबण्यात काही बाया दगावल्याही असतील, कारण गोळा खरोखरच घातक असेल तर दहा महिने फार होतात. पण कारण कळण्याआधी हात चालवू नये, ही शिस्त त्या नियमात आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

जुन्या वैद्यकाची दुसरी शिकवण म्हणजे रोगी तपासण्याचे तीन मार्ग : पाहणे, हात लावणे आणि विचारणे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. जलोदराचे पोट हाताला कसे लागते, तर पाण्याने भरलेल्या पखालीसारखे, असे चरकाने लिहिले. मुतखड्याची कळ बेंबीपासून बस्तीपर्यंत कशी येते आणि लघवीची धार मधेच कशी तुटते, हे सुश्रुताने टिपून ठेवले. ही माणसे रोग्याजवळ बसत होती, त्याला विचारीत होती. त्याशिवाय असे लिहिता येत नाही.

वाशीमहून आता कारंज्याला जाऊ. लाडांचे कारंजे हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. गुरुचरित्राची पारायणे आपल्या गावोगावी होतात. त्याच्या तेराव्या अध्यायात पोटदुखीने गांजलेल्या एका ब्राह्मणाची कथा आहे. अन्न पोटात गेले की त्याला प्राणांतिक कळा येत. म्हणून तो पंधरा-पंधरा दिवस, महिना-महिना उपाशी राही. शेवटी एके दिवशी जेवला, कळा अनावर झाल्या, आणि जीव द्यायला तो गोदावरीत निघाला. श्रीगुरूंनी त्याला शिष्यांकरवी परत आणवले, जवळ बसवले आणि त्याचे दुःख काय ते विचारले. पुढे सायंदेवाच्या घरी त्याला पोटभर जेवू घातले आणि त्याची व्यथा गेली, अशी कथा आहे.

भाविकांना यात गुरुकृपा दिसते. त्या श्रद्धेत मी हात घालत नाही. मला तिच्यातली एवढीच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे : पोटदुखीने माणूस जीव द्यायला निघावा, इतके हे दुखणे आपल्या लोकांना परिचयाचे होते. आणि गुरूने पहिली गोष्ट केली ती विचारण्याची. चौकशी आधी, उपाय मागून. आपण मात्र पुष्कळदा अध्याय वाचतो आणि विचारायचे विसरतो.

आता कोणी म्हणेल, हे आपल्याकडचे झाले, पण त्या काळी विलायतेत तरी शहाणपण होते का? नव्हते. तिथेही अंधारच होता. उजव्या ओटीपोटात दुखून, ताप येऊन, पोट लाकडासारखे कडक होऊन तरणीताठी माणसे आठवड्याभरात जात. कारण कोणालाच ठाऊक नव्हते. लंडनमध्ये १७३५ साली क्लॉडियस अमायंड नावाच्या शस्त्रवैद्याने अकरा वर्षांच्या एका मुलाचा अंतर्गळ उघडला, तेव्हा त्यात करंगळीसारखी एक लहानशी नळी सापडली. मुलाने गिळलेली टाचणी तिच्यात रुतली होती. त्याने ती नळी काढली आणि मुलगा बरा झाला. ही नळी म्हणजे अपेंडिक्स, आपण जिला आंत्रपुच्छ म्हणतो ती. पण ही करंगळीच पुष्कळांच्या मरणाचे मूळ आहे, हे कळायला त्यानंतर दीडशे वर्षे जावी लागली. तोवर डॉक्टर मोठ्या आतड्याच्या टोकाला दोष देत राहिले. जुलाब द्यावेत, जळवा लावाव्यात, अफूने गुंगवून ठेवावे, असे उपाय चालत.

हाताने पोटाची परीक्षा करण्याची कलाही तिकडे पुन्हा शिकावी लागली. १७६१ साली व्हिएन्नातील लेओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरने बोटांनी ठोकून छातीतला रोग ओळखण्याची रीत पुस्तकात मांडली. त्याचा बाप खानावळ चालवी. पिंपात दारू कुठवर आहे ते पिंप ठोकून पाहतात, ही घरची गोष्ट त्याने रोग्याच्या देहाला लावली. आपण कणगी थापटून धान्य कुठवर आहे ते पाहतो, तसेच हे. आज दवाखान्यात डॉक्टर पोटावर एक बोट ठेवून दुसऱ्याने टकटक करतो, तो चाळा नव्हे. वारा असेल तर ढोलकीसारखा आवाज येतो, पाणी असेल तर भद्द येतो.

आता १८८६ साल पाहा. त्या साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये बोस्टनचे डॉक्टर रेजिनल्ड फिट्झ यांनी एक निबंध वाचला. मेलेल्या रोग्यांची शवपरीक्षा आणि जिवंतपणी त्यांनी सांगितलेली लक्षणे यांचा मेळ घालून त्यांनी दाखवले, की उजव्या बाजूच्या या जीवघेण्या दुखण्याचे मूळ बहुधा आंत्रपुच्छातच असते. 'अपेंडिसायटिस' हे नाव त्यांनीच दिले. तीन वर्षांनी, १८८९ साली, न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी त्याची जागा बोटाने दाखवली : बेंबीपासून उजव्या कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत रेघ ओढा आणि त्या हाडापासून दीड-दोन इंचांवर बोट ठेवून दाबा. तिथे कळ उठली तर सावध व्हा.

या दुखण्याची चालही समजून घ्या. सुरुवातीला दुखते ते बेंबीभोवती, मोघम. आतड्याच्या नसा जागा नीट सांगू शकत नाहीत, म्हणून रोगी सबंध पोटावर हात फिरवतो. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. त्या अस्तराच्या नसा चोख असतात. मग दुखणे उजवीकडे खाली उतरते आणि रोगी एका बोटाने जागा दाखवतो. अन्नावरची वासना उडते, उलटी होते, बारीक ताप येतो, चालताना माणूस उजवीकडे वाकतो. दुखणे असे जागा बदलत असेल तर ते वायगोळा म्हणून सोडून देऊ नये. आणि अशा वेळी एरंडेल दिले तर? आतडे जोराने पिळवटते आणि सुजलेली पिशवी फुटते. पू सबंध पोटात पसरतो. म्हणून पोट दुखत असताना कारण कळल्यावाचून जुलाब देऊ नये. ही साधी गोष्ट कळायला जगाला फार प्राण मोजावे लागले.

राजेसुद्धा यातून सुटले नाहीत. इंग्लंडचा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. देशोदेशींचे राजे-संस्थानिक लंडनला जमले होते. आणि राजाचे पोट दुखू लागले. २४ जूनला फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शस्त्रवैद्याने त्याच्या पोटातला पू काढला आणि राज्याभिषेक ९ ऑगस्टला झाला. राजा वाचला. खुद्द ट्रीव्ह्जची तरुण मुलगी मात्र दोनच वर्षांपूर्वी, १९०० साली, याच दुखण्याने गेली होती.

आता १८८६ मधली दुसरी गोष्ट. त्याच वर्षी ११ मार्चला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि उपचारांवाचून ते दहा दिवसांत गेले. तो घाव घेऊन त्या निघाल्या होत्या. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे, हे त्यांनी जाण्यापूर्वी, १८८३ साली, श्रीरामपूरच्या भाषणात सांगितले. हे श्रीरामपूर बंगालमधले. गरज कशाची? तर पुरुष डॉक्टरला आपले दुखणे सांगण्यापेक्षा बाया मरण पत्करत. ओटीपोटाचे दुखणे म्हणजे चारचौघांत नाव घेऊ नये अशा जागेचे दुखणे! तपासण्याच्या तीन मार्गांपैकी पाहणे आणि हात लावणे बंद होतेच, पण बायकांच्या बाबतीत विचारण्याचा मार्गही लाजेने बंद केला होता. आनंदीबाई परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांना दवाखाना चालवायला मिळालाच नाही. पण १८८५ पासून डफरीन फंडातून स्त्रियांची इस्पितळे निघू लागली होती. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला आपल्याकडची माणसे आजही 'डफरीन'च म्हणतात.

इस्पितळे निघाली, पण लाज गेली काय? याचे उत्तर याच विदर्भात शंभर वर्षांनी मिळाले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. बाईची तक्रार असो वा नसो, सर्वांना बोलावले, विचारले आणि तपासले. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या प्रख्यात वैद्यकीय पत्रात हा अभ्यास छापून आला आणि जगभरचे डॉक्टर चकित झाले. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, दर बाईमागे सरासरी साडेतीनांहून अधिक आजार. तक्रार मात्र १०० पैकी ५५ जणींनीच सांगितली. आणि यापूर्वी अशी तपासणी कधी झालेल्या बाया होत्या १०० पैकी केवळ ८.

म्हणजे ओटीपोट दुखते, कंबर भरून येते, अंगावरून पांढरे जाते, हे सगळे 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून पोटात ठेवले होते. आपल्या घरातली माय, बुढी, भावजय यांना आठवून पाहा. निंदणाच्या दिवसांत कमरेला घट्ट पदर बांधून वाकणारी बाई पोट दुखते म्हणून सांगते का? पण या अभ्यासातली दुसरी गोष्ट आशेची आहे. या आजारांपैकी निम्मे जंतुसंसर्गाचे होते. असे बरेचसे संसर्ग वेळेवर कळले तर गोळ्या-औषधांनी बरे होतात. त्यासाठी कोणी तरी विचारायला हवे आणि बाईने सांगायला हवे.

न विचारता उपाय केला तर काय होते, त्याचा दाखला आपल्या शेजारच्या मराठवाड्यात आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. जोडीने उचल घ्यायची, पहाटेपासून कोयता चालवायचा, डोक्यावर मोळ्या वाहायच्या. फडात ना न्हाणी, ना संडास. एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. अशा बाईला पांढरे जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले, तर तिला सांगण्यात येई, की पिशवी खराब झाली, काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल. २०१९ साली हा प्रकार गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे दर सहा जणींत एक. त्यांत कित्येक चाळिशीच्या आतल्या होत्या.

पिशवी काढण्याची गरज कधी पडतच नाही असे नाही. कर्करोग असेल, न थांबणारा रक्तस्राव असेल, तर ती शस्त्रक्रिया जीव वाचवते. पण संसर्गाचे दुखणे गोळ्यांनी जाते, तिथे सुरी कशाला? शिवाय पिशवीबरोबर बीजकोश काढले तर तिशीतल्या बाईला एका दिवसात म्हातारपण येते. अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात. आणि कित्येकींचे दुखणे तसेच राहते, कारण ते पिशवीचे नव्हतेच. २०२२ साली केंद्र शासनाने अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी नियम ठरवले, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते राज्यांनी अमलात आणावेत असा आदेश दिला. कारण कळण्याआधी हात चालवू नये, ही चरकाच्या काळची शिस्त. ती कायद्याने पुन्हा शिकवावी लागली.

आपण म्हणाल, आता सोनोग्राफी आहे, यंत्र सांगेल. यंत्राचाही इतिहास ऐका. धातूच्या आत चीर आहे काय, हे आवाजाच्या सूक्ष्म लहरींनी शोधण्याचे एक यंत्र कारखान्यांत वापरत. ग्लासगोचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी ते पोटावर लावून पाहिले आणि १९५८ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एका बाईला पोटाचा असाध्य कर्करोग आहे असे सर्वांनी ठरवले होते. यंत्रात दिसली बीजकोशाची पाण्याने भरलेली गाठ. ती काढली आणि बाई वाचली. चरकाच्या वैद्याला जो भेद दहा महिने थांबून करावा लागे, तो आता दहा मिनिटांत होऊ लागला. हे यंत्राचे उपकार खरेच.

तरी विचारण्याचे काम यंत्राने संपलेले नाही. १९८६ साली फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेडो आल्वाराडो या डॉक्टरने अपेंडिक्स ओळखण्यासाठी दहा गुणांची एक परीक्षा केली. ती आजही दवाखान्यांत वापरतात. त्या दहांपैकी तीन गुण नुसत्या विचारण्याचे : दुखणे जागा बदलून उजवीकडे आले का, भूक गेली का, मळमळ-उलटी आहे का. तीन गुण पोटाला हात लावून पाहण्याचे. एक तापाचा. उरलेले तीन तेवढे रक्ततपासणीचे. म्हणजे दहांपैकी सात गुण शहाण्या माणसाच्या कानांत, हातांत आणि एका तापमापीत आहेत.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो आणि घरच्या वडीलधाऱ्यांनो, निदान डॉक्टरांनीच करायचे, पण प्रश्न विचारून उत्तरे घेऊन जाणे आपल्या हाती आहे. दुखणे कधी सुरू झाले? सुरुवात कुठे झाली आणि आता कुठे आहे? मुरडा येऊन जातो, की सारखे ठणकते? ताप, उलटी, शौच, लघवी यांचे काय? मुलगी किंवा बाई असेल तर पाळी केव्हा आली होती, चुकली आहे काय? हा शेवटचा प्रश्न बाईमाणसाने एकांतात, आपुलकीने विचारावा. पाळी चुकली आहे, एकाएकी ओटीपोटात कळ आली आणि भोवळ येते आहे, तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. तिथे एक तासही दवडू नये.

मुलग्यांनाही लाज असतेच. अंडाला पीळ पडला तर दुखणे ओटीपोटात जाणवते, आणि पोरगा लाजेने "पोट दुखते" एवढेच म्हणतो. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर तो अवयव बहुधा वाचतो. उशीर झाला तर काढावा लागतो. म्हणून गुरुजींनी बाजूला नेऊन विचारावे, "खाली कुठे दुखतं का रे?" विदर्भात काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्याच्या झटक्यातही पोट दुखते. घरात तो आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. कमरेपासून जांघेकडे उतरणारी आणि रोग्याला लोळवणारी कळ बहुधा मुतखड्याची असते. पोट लाकडासारखे कडक झाले, हिरवी उलटी झाली, रक्त पडले, किंवा रोग्याला हललेसुद्धा सोसवेना, तर एरंडेल नको, पोट चोळणे नको, डाग देणे तर मुळीच नको. काही खाऊ-पिऊ न घालता थेट रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. आणि कोणी पिशवी काढायला सांगितली, जिवाचा तातडीचा धोका नसला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून सही करू नये. असे विचारणे हा डॉक्टरांचा अपमान नव्हे.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातल्या ज्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीम आहे आणि गडचिरोलीही आहे. वत्सगुल्म नावाच्या गावात आता मुलेमुली गुल्माची परीक्षा शिकत आहेत. मानोऱ्याच्या तांड्यावरची, रिसोड-मालेगावच्या शिवारातली बाई उद्या त्यांच्यापुढे येऊन बसेल. तिला काय होते ते ती सांगेल की नाही, हे पुष्कळसे तिच्या घरच्यांवर अवलंबून आहे. घरात तिला कधी कोणी विचारलेच नसेल, तर दवाखान्यात तिचे तोंड उघडणार नाही.

तेव्हा आज संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर घरातल्या बाईमाणसाला सहज विचारून पाहा, "माय, तुझं काही दुखत तर नाही ना?" पहिल्यांदा ती "काही नाही" म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा.